वीस यार्डांचा डबा

फोनवर तिनं किंमत विचारलीच नाही आधी,
विचारलं, इतक्या आत येता का तुम्ही?
येतो की. चाळीस मैलांपुढे मैलाला तीन डॉलर.
शेवटचे सहा मैल खडीचे, ते मी धरत नाही,
त्यांचे पैसे मागायची मलाच लाज वाटते.

मग नेहमीचं, तोंडपाठ:
टायर नको, रंगाचे डबे नकोत, बॅटऱ्या नकोत,
फ्रीज असेल तर गॅस काढल्याचा कागद हवा,
वजन दोन टन, दिवस सात,
आणि काठाच्या वर काही रचू नका,
नेब्रास्काच्या या टोकाला वारा विचारून येत नाही.
ती म्हणाली, आईचं घर आहे.
मी म्हणालो, मग वीस यार्डांचा पुरेल.
पुरत नसतो. पण तीस यार्डांचा त्या लाकडी पुलावर चढत नाही.

ट्वायला ब्रँट. डेन्व्हरहून आलेली.
हातमोजे इतके नवे की किमतीची चिठ्ठी मनगटाशी लोंबत होती.
मी गवतावर दोन फळ्या टाकल्या,
ट्रकची पाठ उचलली, तार सैल सोडली,
आणि डबा उतरला, करकरत, सावकाश,
मुक्कामाच्या बेतानं आलेला लठ्ठ पाहुणा बसावा तसा.

तो आवाज दोन मैल जातो.
शहरात डबा म्हणजे डबा,
इथे ती बातमी असते.

दुसऱ्या दिवशी म्हणे ऑर्विल स्टकी आला, रिकाम्या हातांनी,
मक्याबद्दल बोलला, गारांबद्दल बोलला,
टोपी दोनदा काढून दोनदा घातली,
आणि निघता निघता म्हणाला,
त्या हिरव्या खुर्चीचं काय करणार आहेस?
मग चर्चच्या बायका, बरण्यांसाठी.
मग गुरांच्या छावणीवर काम करणारी रोसाल्बा,
पोरगा कडेवर, बोट दिव्याकडे.
ट्वायला देत गेली. घ्या. हेही घ्या.
डबा रिकामा राहिला म्हणून तिनं मला फोन केला, जवळजवळ रडत,
आणि बुधवारी पुन्हा केला:
माझ्या डब्यात कुणाची तरी गादी आहे. आमची नाही ही.

बाई, काय सांगू.
उघड्या डब्याला इथे रात्री मालक नसतो.
प्रुस भावांनी गोठ्याचं सडकं छप्पर आणलं असणार,
टीव्हीची तबकडी कुणाची ते मला माहीत आहे, सांगणार नाही,
आणि बोलिंगचा तो जड चेंडू,
बंद पडलेल्या क्लबातून कुणी इतकी वर्षं जपला होता, देव जाणे.

शनिवारी उचलला. काट्यावर चार हजार सहाशे वीस पौंड.
कचराभूमीवर पालथा केला तेव्हा खाली उतरून पाहिलं,
एरवी मी बघत नाही.
म्हाताऱ्या मार्डेलचं त्यात काहीच नव्हतं,
पडदे सोडले तर, आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या.

मार्डेल आता माझ्या फेरीत ठिकठिकाणी भेटते.
रोसाल्बाच्या ट्रेलरच्या खिडकीत पिवळी पेटलेली,
चर्चच्या फळीवर बीटच्या लोणच्यानं लाल.
ऑर्विलच्या ओसरीवर हिरवी खुर्ची आहे,
तीत कुणी बसत नाही.
तो शेजारी पालथ्या बादलीवर बसतो.

सहाशे वीस पौंड जादा,
म्हणजे नियमानं एकतीस डॉलर.
बिल कुणाच्या नावे फाडू?
तीन आठवडे झाले, कागद डॅशबोर्डवर उन्हानं पिवळा पडतोय.

आणि मलाही विचारू नका.
सीटखाली अंडी फेटायचं यंत्र आहे, हातानं फिरवायचं,
लाल मुठीचं, एक दाता वाकलेला.
कोळशाची मालगाडी जाईपर्यंत फाटकाशी थांबावं लागतं,
सव्वाशे डबे, कधी जास्तच.
तेवढा वेळ फिरवतो.