दोन दारांचं कलम

बावीस वर्षं मी ग्वाल्हेरच्या हायकोर्टात लघुलेखन करते.
माझ्या वहीत शब्दांना अंग नसतं,
नुसती वळणं, पेन्सिलीनं ओढलेली.
अर्थ चढवायचा तो संध्याकाळी, टाइप करताना.

त्या दिवशी प्रकरण होतं जनकगंजातल्या दीड खोलीचं.
भाडेकरू वारल्या : द्वारका दिघे, शिवणाच्या शिक्षिका, अविवाहित.
मागे उरली भावजय, कुमुदिनी.
नवरा गेला तेव्हा नणंदेनं ठेवून घेतलेली,
त्याला एकतीस वर्षं झाली.
घरमालक म्हणतो, भावजय कुटुंबात येत नाही, खोली सोडा.

कलम उघडलं.
इंग्रजी पाठात कुटुंब 'इन्क्लूड्स' अमुक, तमुक.
हिंदी पाठात कुटुंब से 'अभिप्रेत है' अमुक, तमुक.
एकाच घराला दोन दारं,
एक नुसतं लोटलेलं,
एकाला आतून कडी.
यादी दोन्हीकडे तीच : नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आईबाप.
भावजय कुठल्याच भाषेत नव्हती.

मालकाचे वकील तोमर उभे राहिले.
शब्द ओळखावा त्याच्या संगतीवरून, म्हणाले.
यादीतले सगळे रक्ताचे, नाहीतर स्वतःच्या लग्नाचे,
ही तर भावाच्या लग्नाची.
मला उगाच आठवलं,
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
आणि या दोघी तर एकतीस वर्षं एकाच दाव्याला.
पण तोमरसाहेब वाणावरच अडलेले.

मग जुई शितोळे. नवखी, काळा कोट खांद्यावर सैल.
माय लॉर्ड, बाटलीवर आधी दुखणं वाचावं, मग डोस मोजावा.
माणूस मेलं की त्याच्याबरोबर राहणारं रस्त्यावर येऊ नये,
या दुखण्यावर हा कायदा काढला.
तिचा आवाज मध्येच चिरकला. पाणी प्यायली.

न्यायमूर्तींनी शब्दकोश मागवला, पाहिला, बाजूला ठेवला.
खालच्या कोर्टाची फाइल ओढली.
साक्षीदार क्रमांक चार, रामसेवक कुशवाह, दूधवाला :
"साहब, दूध तो एक ही जाता था. आधा लीटर. दोनों बाई में."
हे त्यांनी दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा जरा हळू.

"टेक डाउन," म्हणाले. "फॅमिली..."
आणि थांबले.

बाहेर मेमधली लू खिडकीच्या काचेवर वाळू घासत होती.
थांबण्याला लघुलिपीत चिन्ह नाही.
मी पेन्सिल टेकवून ठेवली, कागदावर ठिपका मोठा होत गेला.

आमच्याकडे कुटुंब हा शब्द कधी धड उभा राहिलेलाच नाही.
शेजारचे बापूसाहेब फाळके 'आमचं कुटुंब' म्हणत
आणि एकट्या काकूंकडे बोट दाखवत.
आणि 'म्हणजे' ? कायद्यात म्हणजे आलं की यादी मिटली.
आई मात्र म्हणजे कसं, म्हणजे बघ ना, म्हणजे काय झालं,
असं म्हणत म्हणत भाजी निवडायची.
तिच्या तोंडी म्हणजे आलं की
खरं बोलणं अजून यायचं असायचं.

हे सांगणार कुणाला.
मराठी पाठ कुणी छापलेला नाही
आणि लघुलेखिकेनं बोलायचं नसतं.

साडेचारला कोर्ट उठलं.
जिन्यापाशी कुमुदिनीबाईंनी माझी बाही धरली,
मी आपल्यातली, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.
"काय ठरलं गं ?"
"निकाल राखून ठेवलाय, मावशी."

त्यांनी मान हलवली, नेहमीचंच काही ऐकल्यासारखी.
"मीही ठेवायचे," म्हणाल्या, "वन्संसाठी. सायीची वाटी.
शाळेतून यायला उशीर व्हायचा त्यांना."