नाकाचं माप

शेठच्या चिठ्ठीवर एवढंच होतं :
मास्क, चाळीस नग, स्वस्तातले.
आणि उदगीरच्या हार्डवेअरच्या दुकानात
मी आरशापुढं उभा,
एकेक तोंडाला लावून श्वास घेत.

पहिला निळा, कोरोनातला उरलेला,
दोन रुपयाला.
कडेनं हवा आत येते
फाटक्या पोत्यातून तूर सांडावी तशी.
दुसरा जाड, त्यात तोंड शिजतं.
तिसरा वाटीसारखा, पुढं बारकी झडप;
श्वास सोडला की टिक् वाजते,
चष्मा धुरकटत नाही.
चौथा रबरी, दोन्ही गालांवर डबे.
तो घातला तर काउंटरमागचं पोरगं म्हणालं,
"मामा, विमान चालवायलाव का?"

दुकानदार जुना माणूस.
म्हणाला, आठ तास जो काढावासा वाटत नाही तो घ्या.
महागाचा घेऊन खुंटीला टांगला
तर खुंटीची छाती चांगली राहील.

मग मी मिलमधली तोंडं आठवायला लागलो
आणि आठवेनात.
सतरा वर्षं हजेरी घेतोय.
कुणाचा गुडघा सुजलाय,
कोण उचल घेऊन लग्नाला जाणार,
सगळं पाठ.
पण द्वारकाचं नाक बसकं की सरळ?
चाळणीशी उभं राहिलेलं माणूस
पापण्यांपर्यंत डाळीच्या भुग्याचं होतं.
नाक कुठं सुरू होतं
ते कोण बघत बसलंय.

चिठ्ठी उलटी केली. मागं लिहीत गेलो.
कचरू : नाक मोडलेलं, वरची तार वाकणारी पाहिजे.
सोजरबाई : तोंड सुपारीएवढं, कानात जड बुगड्या,
दोरा कानात नको, पट्टा डोक्यामागून.
बालिका : काम करताना गप बसत नाही,
बोलताना घसरणार नाही असा.
गफ्फारचाचा : दाढी.
दाढी असली की कुठलाच घट्ट बसत नाही.
हे सांगायचं कसं?
द्वारका :

तिथं जागा मोकळीच राहिली.
तीन मापांचे घेतले, वाटीचे, झडपेचे.

चाचांना बाहेर पोती शिवायला बसवलं.
दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.
तिसऱ्या दिवशी सुई मागायला आले
आणि म्हणाले, खोकला कम है.
सुई घेऊन गेले.

अडचण झाली सोजरबाईची.
तेलपाणी लावलेली तूर किती वाळली
ते ती वासावर सांगते.
तसलं मशीन नाही शेठकडं,
आणि असतं तरी तिच्याइतकं खरं निघालं नसतं.
तिनं मूठ नाकाशी नेली, थांबली.
"ह्याच्यातून वासच येईना की बया."
मास्क गळ्यात ओढला,
डोळे मिटून हुंगलं :
"आजून ओल हाय. उद्याचं ऊन लागंल."
मग मास्क वर,
आणि नाकावरची तार दोन बोटांनी दाबली,
दुकानदारानं मला दाखवली होती
आणि मी तिला, तश्शी.

शेठ विचारतोय, स्वस्तातले म्हणलं होतं ना.
चिठ्ठीची कुठली बाजू त्याला दाखवू
ते अजून ठरत नाही.

आज चहाच्या सुट्टीत
सगळ्यांनी मास्क खाली केले.
कपाळ पिवळं, कान पिवळे,
मधे वाटीएवढा ज्याचा त्याचा रंग.
द्वारका बशीत फुंकत होती.
नाक सरळ आहे.
डावीकडं चमकीचं भोक, चमकी नाही,
भोकाभोवती तारेचा लाल वळ.

"काय बघायलाव, मुकादम?"
काही नाही म्हणलं,
माप बघतोय.