बटणाएवढा हिरा

कस्टमच्या खिडकीतून त्याने विचारलं, किंमत?
हिल्लेवीने शून्य लिहिलं, खोडलं,
मग प्रयोगशाळेचं पत्र पुढे सरकवलं.
कुणाच्या बोटात जाणार नाही हा हिरा.
शर्टाच्या बटणाएवढी चकती,
तिच्यावर वर्तुळात वर्तुळं,
नजरेला न सापडणाऱ्या चरांची.
उप्सालात दोन हिवाळे कोरत होती.
सात चकत्या वाया गेल्या;
त्यांच्या डब्यावर पेन्सिलीने लिहिलंय: गारगोट्या.

काम एवढंच
की तारा मधोमध आला
तर त्याचा उजेड या चरांत गरगरावा,
बाहेर फेकला जावा,
आणि कडेला जो कुणी अंग चोरून उभा असेल
कोटीतल्या एका कणाएवढा,
त्याने निमूट पुढे यावं.

त्याआधी आरसा.
पाठीशी हजारभर पिना,
हवा जशी थरथरते
त्याच्या नेमका उलटा त्याला थरथरवतात,
सेकंदाला हजारदा.
एक पिन मेलेली आहे.
नोल्बेर्तो तिला बिशप म्हणतो:
कितीही व्होल्ट द्या, हलायचं नाव नाही.

नोल्बेर्तो आराया, ताल्तालचा, रात्रपाळीचा चालक.
त्याचा आजा तांब्याच्या खाणीत होता,
कपाळावर कार्बाइडचा दिवा.
बोगद्यात हाक पोचायची नाही.
सोबती कुठे आहे बघायचं
तर आधी आपल्याच ज्योतीवर तळवा धरायचा,
डोळे मिटून शंभर मोजायचे,
मग बघायचं.
हाताला फोड यायचे, नोल्बेर्तो सांगतो
आणि नोंद भरतो: वारा नऊ, आर्द्रता चार.

तीन वाजता उजवीकडे, खाली,
ठिपका.

कुणी बोललं नाही.
हिल्लेवीच्या हातातला कप हवेतच राहिला.
खोटे ठिपके पुष्कळ निघतात,
काचेचे, आरशाचे, आमच्याच कारागिरीची पिलावळ.
पारखायची रीत सोपी, फक्त वेळ खाते:
यंत्र जागच्या जागी धरायचं
आणि आकाश त्याच्या डोळ्यात वळू द्यायचं.
ताऱ्याभोवती जो वळेल, तो तिथला.
जो जागा सोडणार नाही, तो आमचा.

सव्वा तास.

बिशप, नोल्बेर्तो म्हणाला.
कुणी हसलं, कुणी खुर्ची मागे ढकलली.
हिल्लेवीने तो ठिपका वजा केला,
पुन्हा केला.
खाली राखाडी रवा, आणि रव्यात
एका बाजूला काहीतरी
कदाचित सरकलेलं.
कदाचित हा शब्द तिने नोंदवहीत स्वीडिशमध्ये लिहिला,
मग इंग्रजीत,
मग दोन्ही तसेच ठेवले.
हा तारा आता चांगल्या वेळेला
मार्चमध्येच येईल.

उजाडलं.
घुमटाचं दार मिटलं तरी कानात ते घरंगळत होतं.
बाहेर सूर्य थेट तोंडावर,
उतारावर झुडूप नाही, सावली नाही.
नोल्बेर्तोने सूर्यावर तळवा धरला,
डोळे बारीक केले,
आणि खूप खाली, वळणावर,
बोटभर धूळ दिसली.
पाव घेऊन येणारी गाडी असावी.