तेरा घरं

भावाला खाडीनं नेला,
तेवीस वर्षं आम्ही हेच म्हणत आलो.
दिवाळ्याच्या जेट्टीजवळ नांगर अडकला होता,
तो सोडवायला उतरला. पाणी छातीइतकं, ओहोटीचं.
आणि पोहणारा असा की गाव त्याला बोय म्हणायचं.
बोय कधी बुडते का?
नारळ सोडले. कोंबडं सोडलं. कुणी म्हणालं, बाधा.
आई एकच वाक्य बोलली, मीच धारला त्याला,
आणि खाडीकडचं दार लावलं
ते लावलंच.

यंदा मार्चमध्ये माझी उर्वी
तरणतलावात सूर मारून वर आली नाही.
शिट्टीवाल्या मास्तरांनी ओढून काढली, छाती दाबली.
डोळे उघडल्यावर तिनं आधी गॉगल विचारला.

नेरूळच्या थंडगार खोलीत
मनगटांना चिमटे, छातीवर गार जेल,
यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद
सरकत आला, जत्रेतल्या जिभेसारखा.
डॉक्टर मुकादमबाईंनी त्यावर दोन टोकांचा कंपास ठेवला.
ठोका इथे सुरू होतो, म्हणाल्या,
आणि इथे हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं.
तुमच्या मुलीचं तयार व्हायला उशीर लावतं.
तेवढ्यात पाणी, धाप, दचकणं, काहीही पुरतं.
घरात कुणी असं अचानक?
मी म्हटलं, नाही.
जिन्यात आठवलं. परत वर गेले.
भाऊ. पण त्याला तर खाडीनं.

मग आम्ही सगळेच आडवे झालो त्या पलंगावर.
माझी साडेबारा घरं भरली.
मला कधी काही झालं नाही,
कारण तो गेल्यावर आईनं मला
गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही.
कोळ्याची पोर आणि पोहता येत नाही,
सासरी किती हसले होते.

आई कपाट उपसत बसली दोन रात्री.
गोदीच्या भरतीला त्याची तपासणी झाली होती,
तिची झेरॉक्स, रेशनकार्डाच्या घडीत.
वर शिक्का : फिट.
खाली त्याची रेघ, एकोणीस वर्षांची,
उठते, कोसळते, आणि मग एक बुटकी टेकडी
जरा लांबच.

डॉक्टरांनी कंपास उचलला, पण
आई कागदावर आधीच वाकली होती.
आयुष्यभर जाळी विणलेली बाई,
आस मोजायला तिला पट्टी लागत नाही.
नखानं एकेक घर सरकवत गेली, ओठ हलत होते.
तेरा, म्हणाली.
डॉक्टरांनी मोजलं. नाडी साठची, हिशेब सरळ.
तेरा.
शिक्का मारणाऱ्यानं मोजलंच नव्हतं.

आईचा स्वतःचा कागद शेवटी काढला.
सुरकुत्यांवर वाट्या टिकेनात, नर्सनं हातानं धरल्या.
बारा आणि थोडं.
ब्लाउजचे हूक लावता लावता ती
भिंतीकडे बघून म्हणाली,
म्हंजे मी धारला न्हाय त्याला.
मीच दिलं त्याला.
डॉक्टर म्हणाल्या, आजी, तुम्हालाही कुणीतरी दिलंच ना.
आईनं उत्तर दिलं नाही.
तिचा बाप भर दुपारी होडीतच बसल्या बसल्या गेला होता,
मला ते घरी पोचल्यावर कळलं.

आता उर्वीला सकाळ-संध्याकाळ गोळी.
फोनचा गजर बंद, उठवायला मीच जाते,
पायाला हात लावून, हळू.
तलावाचा पास तिनं फाडला नाही,
पुस्तकात खूण म्हणून ठेवलाय.
औषधाच्या दुकानातही आता यादी दाखवावी लागते,
कुठलं चालतं, कुठलं नाही.
झेरॉक्स आईकडेच आहे. विणायच्या सुईसोबत ठेवते.

परवा लाइट गेली. उर्वी घामेजून म्हणाली,
आजी, ते मागचं दार उघड ना.
आई जाळ्यातून मान वर न काढता :
तूच उघड. कडी गंजली आसंल,
जरा जोर लाव.
मग थांबली.
नको. जोर नको लावू. थांब, मी येतंय.