उत्तरेस

पत्र आलं तेव्हा एप्रिल होता,
पंखा गरम हवाच ढवळत होता.
ल्युसिंडा थॅचर, कनेक्टिकट, वय एकोणऐंशी.
बाईंकडे सोळाशे अठ्ठ्याऐंशीपासूनची लग्नं आहेत,
मेहिटेबल, पेशन्स, थँकफुल,
कुणी किती एकर आणली, ओढ्यापासून कुठल्या झाडापर्यंत,
सगळं लिहिलेलं.
एकच पायरी निसटलीय, ती सोलापुरात.
आबिगेल. कुणाशी लागलं तिचं लग्न?

मी मोडी वाचतो, पानाला साठ रुपये.
भूमी अभिलेखात बत्तीस वर्षं काढली,
अजून तिथला शिपाई मला स्टूल देतो.
तीन दिवस थॅचर सापडेना.
मग ठेचर सापडला.
पुढच्या पानावर टाचर, त्यापुढे ठाचरसाब पादरी.
कारकुनानं ऐकला तसा लिहिला,
आणि जिथे अडला तिथे बोरू टेकवून
शाईचा वाटाण्याएवढा डाग ठेवला.

जमीन दोन एकर नऊ गुंठे.
पूर्वेस गाडीवाट.
दक्षिणेस लिंब, जुना.
पश्चिमेस म्हसोबाचा दगड
(पादरीसाहेबांनी सही केली, दगडासकट).
उत्तरेस तेलंगी साळ्यांच्या झोपड्या.

इथे मी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा वाचलं.
साळ्यांच्या झोपड्या. नावं नाहीत, आकडा नाही.
हद्द दाखवायला पुरेशा, एवढंच.

आम्ही येमूल.
करीमनगरकडून चालत आलो म्हणतात,
मागाची फणी डोक्यावर म्हणतात.
पणजीला वडील नायनम्मा म्हणायचे.
नायनम्मा म्हणजे बापाची आई,
हे काही नाव नव्हे.
जमीन नव्हती, म्हणून वारसनोंद नाही,
हक्कसोड नाही, फेरफार नाही,
भाऊबंदकीचा साधा एक दावा नाही.
भांडायला लागते तेवढीही मालमत्ता
आमच्या घरात कधी साठली नाही.

चौथ्या दिवशी आबिगेलही सापडली. म्हणजे,
'साहेबाचे मुलीचे लग्न जाहले सबब
जमीन जावई बिलसन यांचे नावें दाखल.'
बिलसन की विल्सन, ते बाईंनी ठरवावं.
मुलीचं नाव त्या ओळीत नाही.
मी दोनदा पाहिलं. डागाखालीही नाही.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, मिळालं का काही?
म्हटलं, शेजार मिळाला.
ती म्हणाली, कुणाचा?
पलीकडच्या शेडमध्ये माग चालू होते,
मला मोठ्यानं बोलावं लागलं असतं.

सकाळी अहवाल लिहिला, एकूण एकवीस पानं,
नकलांची फी वेगळी.
शेवटी उत्तरेची ओळ उतरवली,
त्यांनी मागितली नव्हती तरी.
तिचे पैसे लावले नाहीत.