नऊनंतर

नियम असा, की नऊ वाजता राउटर बंद करायचा.
मी दिवे मालवते, दार ओढून घेते,
परतीच्या पेटीतली पुस्तकं काखोटीला मारते
आणि राउटरकडे बघायचं विसरते.
जूनपासून रोज विसरते.

बाहेर सात गाड्या. काल पाच होत्या.
डेल्फिया नेपियरची जुनी ब्यूक भिंतीला चिकटून,
जिथे रेंजच्या तीन काड्या मिळतात.
तिच्या रक्तातली साखर इथून लेक्झिंग्टनला जाते,
शंभर मैल, डोंगर ओलांडून,
आणि ‘मिळाली’ असं उत्तर येईपर्यंत
ती इंजिन बंद ठेवून बसते.
पलीकडच्या ट्रकमध्ये ब्रॅन्सन बीजगणित सोडवतो.
काचेवर वाफ धरली की तिच्यावरच समीकरण मांडतो,
बाहीनं पुसतो.

पत्र एकाच पानाचं होतं.
सवलतीचा निधी संपला,
पुढच्या महिन्यापासून पूर्ण बिल आपल्या नावे.
तीस डॉलरचा फरक.
तीस डॉलर म्हणजे काय
हे केंटकीच्या या खोऱ्यात डेल्फियाला विचारा:
महिन्याची कॉफी, मांजराचं खाणं,
आणि रविवारी चर्चच्या ताटात टाकायचे पाच.
‘चर्चचे हलवता येत नाहीत,’ ती म्हणते.
‘मांजराला विचारून पाहिलं.’

मंगळवारी मी खासदाराच्या कार्यालयाला फोन लावला.
अर्धा तास बँजो ऐकला.
मग एक मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची असेल,
गोड बोलली: आपलं म्हणणं जरूर कळवा,
फॉर्म आमच्या वेबसाइटवर आहे.
तिथेच आहे फक्त.

तर तो आम्ही पार्किंगमध्ये भरला.
डेल्फिया सांगणार, ब्रॅन्सन टाइप करणार,
मी तिच्या चष्म्यावर चमक येणार नाही असा
टॉर्च धरून उभी.
‘आपली अडचण पाचशे अक्षरांत लिहा.’
ती बराच वेळ गप्प.
नदीपलीकडून कोळशाची मालगाडी गेली, सगळे डबे गेले,
तेव्हा म्हणाली:
लिही, खांबापर्यंत तार तुम्हीच आणलीत.
खांबापासून माझ्या दारापर्यंतचंच बोलतेय मी.

ब्रॅन्सननं मोजलं. चारशेच्या वर उरली होती.
‘राहू दे,’ ती म्हणाली, ‘त्यांना लागतील.’

पाठवल्यावर ते गोल चाक फिरत राहिलं.
आम्ही तिघं त्याच्याकडे बघत,
पाणी उकळायची वाट बघावी तसे.
तेवढ्यात आठवी गाडी आत वळली,
रस्त्यावरच दिवे मालवून.