तिसरा मजला, लिफ्ट नाही

बिबवेवाडीच्या आमच्या जिन्याला एकोणचाळीस पायऱ्या.
गुडघ्यांनी मोजल्यात, मी नाही.
आधी मंडई सुटली, मग भिशी,
मग खालच्या बाकावरच्या शैला गुजरचं
"काय गं, आज उशीर?"
पावटे आता वरच येतात, सोललेले, पिशवीतून.
तेवढंही काम उरलं नाही.

बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते.
ट्रंक कॉलवर मिरज, खंडवा, भुसावळ.
खरखरीतूनही कळायचं
कोण रडतंय आणि कुणाला नुसती सर्दी झालीय.
आता नातू समोर बसून बोलतो,
मी ओठांकडे बघत हो हो म्हणते.
परवा एक हो चुकीच्या जागी पडला.
सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.
कानाचं मशीन आहे. पेढ्यांच्या डब्यात.
त्यातून माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो.

साखर एकशे ऐंशी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी.
बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली.
रात्री दोनला उठते ती उठलेलीच.
मार्केट यार्डाकडे ट्रक वळतात,
ते कॉटच्या लोखंडातून पाठीला कळतं.
शेजारच्या कॉटवर, यांच्या,
इस्त्रीचे कपडे.

"वय झालं की असं होतंच," सून म्हणते.
चांगल्या मनानं म्हणते.
माझी सासू भिंतीकडे तोंड करून पडायची,
तेव्हा मीही हेच म्हणायचे.
मनात मात्र: आळशी.

बुधवारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीण होती, नांदेडकडची.
तिनं रिपोर्ट मिटले.
"कोणता कान बरा आहे?" विचारून
खुर्ची उजवीकडे ओढली.
"लोंढे आजी, आवडीनं असं
शेवटचं काय केलंत?"

मी शोधत गेले. पायऱ्या. पावटे. टीव्ही नुसता चालू.
बोट वर करून तिला खुणावलं, होल्ड.
बाहेर पुढचा नंबर पुकारला, दोनदा.
आम्ही कॉलच्या मध्ये शिरून सांगायचो,
तीन मिनिटं झाली, वाढवायची का?
ती काहीच बोलली नाही.
लाइन चालू ठेवून बसली.

घरी येऊन डबा उघडला.
मशीनचा सेल गेलेला.
यादीवर लिहिलं: सेल दोन.
आणि खाली, जरा जाड अक्षरात:
पावटे, न सोललेले.